मागची गादी

शहाजीने किक हाणली आणि मोटरसायकलने ती त्याला तशीच परत केली. नडगी धरून तो मेलवीदीच्या भर रस्त्यात एका पायावर नाचला. दाराआड गंगाबाई फिसकन हसल्या. तिण्णैवर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर, बसलेल्या सीतारामरावांनी थोरल्या बहिणीकडे डोळे वटारून पाहिलं खरं, पण मनातून त्यांनाही बरंच वाटलं होतं. जावयाला कुणीतरी लाथ घातली होती आणि त्यासाठी त्यांना जागचं उठावंही लागलं नव्हतं.

"फार लागलं का हो, शहाजीराव?" त्यांनी विचारलं.

"नाही." शहाजी दात खाऊन म्हणाला.

"नव्या माणसाला असं होतंच," एजंट सूर्यनारायण अदबीने बोलला. तिरुच्चीहून लॉरीवर घालून त्याने दोन गाड्या आणल्या होत्या, एक लाल आणि एक काळी. "ही लाल जरा तापट आहे साहेब. पहिलीच गाडी असेल तर काळी घ्यावी. हलकी आहे. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात. आणि मागे गादी आहे, दोघं आरामात जातील."

दोघं हा शब्द ऐकला आणि सीतारामरावांनी मान पुढे केली. सगळी गोष्ट त्याच शब्दाशी अडली होती.

नव्याने लग्न झालेल्या लेकीला आडी, म्हणजे आषाढ महिन्यात माहेरी आणायचं, ही या तमिळ मुलखाची रीत. ज्या नदीचं पाणी प्यायचं तिच्या काठच्या रीतीही पाळाव्या लागतात, म्हणून सीतारामरावांनी कमलाक्षीला आणली. पुढचा आवणी महिना लागला की नवऱ्याने येऊन बायकोला न्यायचं. आवणी गेला, पुरट्टासी गेला, शहाजी आला नाही. ओरत्तनाडुहून, त्याच्या गावाहून, निरोप तेवढा आला. रस्ता वाईट आहे, बैलगाडीत कमलाक्षीचं अंग मोडून निघतं. दिवाळसणाला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मोटरसायकल दिली तर तिला मागे बसवून अलगद घेऊन जाईन. काय ती माया! निरोप ऐकून गंगाबाई म्हणाल्या होत्या की जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह पेट्रोलवर चालणारा दिसतो.

सीतारामराव हसले नव्हते. लग्न झालेली लेक महिनोन्‌महिने माहेरी बसून आहे हे रस्त्यातल्या प्रत्येक तिण्णैवर चघळलं जात होतं. देवळात गेले तरी कुणी ना कुणी गोड आवाजात विचारायचंच, "कमलाक्षी अजून इथंच?" सासरी कसं आहे म्हणून लेकीला विचारलं तर ती "बरं आहे" म्हणायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची. त्या बरं आहेमध्ये काय काय होतं ते त्यांनी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला परत पाठवायला जीभ रेटली नसती. आज तिची निळी पत्र्याची पेटी भरून, दोर बांधून, तिण्णैच्या कडेला तयार होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर हरीने गाढवासाठी मोटरसायकलही मागवली होती.

"काय ते तुम्हीच निवडा," ते जावयाला म्हणाले. "तुमच्या मनाला येईल ती."

शहाजीने काळीकडे पाहिलंदेखील नाही. लालच्या टाकीवरून हात फिरवत तो म्हणाला, "ही."

"तिला मागे गादी नाही," सीतारामराव म्हणाले.

"नसू दे."

"कॅरियर ठोकून गादी बसवता येईल साहेब," सूर्यनारायण मध्ये पडला. "थोडं काम आहे, मी करून देतो."

"नको. मागे वजन आलं की चाल बिघडते."

बोलून गेला तो. दारात कमलाक्षी उभी होती, दिवाळीचं सोनसळी लुगडं नेसून, केसांत कनकांबरं माळून. तिने ऐकलं हे सीतारामरावांना दिसलं, आणि तिने खाली न बघता नवऱ्याकडे सरळ पाहिलं हेही दिसलं.

"मग कमळी?" त्यांनी विचारलं.

"बैलगाडी आहेच की. सवडीने पाठवा."

नेतो नव्हे, पाठवा. जसं उरलेलं सामान पाठवतात. सीतारामरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरीही ते मूग गिळून बसले. पाठवा तर पाठवा. चारचौघांत तोंडाने म्हणाला तरी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. असं समजावता समजावताच त्यांचं अर्धं डोकं पिकलं होतं.

"गाडी स्टँडवर कशी चढवायची ते दाखवतो," सूर्यनारायण म्हणाला. "ही फार जड आहे, युक्तीनेच चढते. नाहीतर माणूस धरून उभाच राहतो."

"ते बघू नंतर. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सूर्यनारायणाने मान डोलावली. समोरच्या तिण्णैवरून शेजारी शेषगिरी त्याला मघापासून कॉफीला बोलवत होते, तिकडे तो निघून गेला.

तेवढ्यात गंगाबाई तबक घेऊन बाहेर आल्या. हळद, कुंकू, फुलं, लिंबू. त्यांनी लाल गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं, हँडलला माळ घातली आणि लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं. मग कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"गाडी निवडलीत, छान झालं. आता रीत करा."

"कसली रीत?" शहाजीने विचारलं.

सीतारामराव पुटपुटले, "अक्का, राहू दे ना."

"का राहू दे?"

या घराण्याचे पूर्वज राजाच्या पागेत होते. राज्य इंग्रजांच्या घशात गेलं, घोडे गेले, पागा गेली. रीत तेवढी घरात राहिली, कारण ती कुणाला नेता आली नाही. जावयाला घोडा द्यायचा तर त्यावर पहिल्यांदा लेक बसते. नवऱ्याने लगाम धरून तिला कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत चालवत न्यायचं आणि परत आणायचं. दारात आल्यावर हात देऊन उतरवायचं. मग ती आपल्या हाताने लगाम त्याच्या हाती देते, आणि तेव्हा कुठे घोडा त्याचा होतो. गंगाबाईंच्या लग्नात घोडा नव्हता, साधा छकडा होता. तरी त्यांच्या यजमानांनी रीत सोडली नव्हती.

"हा घोडा नाही, आत्याबाई," शहाजी म्हणाला. "आणि हिला बसायला मागे जागा कुठे आहे?"

"मग पुढे बसेल. तुम्हाला गाडी धरून चालायचंच तर आहे."

"लोक हसतील."

"हसू द्यात की. आम्ही बरेच महिने ऐकून घेतोय, तुम्ही घटकाभर ऐका."

सीतारामराव काही म्हणणार, तोच कमलाक्षी पायऱ्या उतरून आली. तिने काष्टा घट्ट खोचला, पाय टाकून त्या एकुलत्या खोगिरावर बसली आणि दोन्ही मुठी धरल्या. ती इतकी ताठ बसली की सीतारामरावांना वाटलं, ही आपली लेक कधी पाहिलीच नव्हती आपण.

शहाजीने हँडल धरलं आणि ढकललं. लिंबू चिरडलं. गाडी खरोखरच जड होती. देवळापर्यंत पोचता पोचता त्याचा नवा सदरा पाठीला चिकटला. सीतारामराव मागोमाग चालले. दोन्ही बाजूंच्या तिण्णैंवर माणसं जमली. शेषगिरींनी कॉफीचा घोट घेत तमिळमध्ये विचारलं, "काय माप्पिळ्ळै, पेट्रोल संपलं का?" या मुलखात जावयाला माप्पिळ्ळै म्हणतात, आणि त्या शब्दात किती साखर घालायची ते म्हणणाऱ्याच्या हातात असतं. शेषगिरींनी चिमूटभरही घातली नाही. शहाजी खालच्या आवाजात बायकोला काहीतरी बोलला. काय ते सीतारामरावांना ऐकू आलं नाही, पण तिच्या कानाची पाळी लाल झालेली त्यांना मागून दिसली. आडीत माहेरी येऊन पहिल्यांदा जेवायला बसली होती तेव्हाही ती अशीच लाल झाली होती. ताटात न मागता दुसऱ्यांदा भात वाढला होता, एवढंच कारण होतं.

पिळ्ळैयारला नमस्कार करून वरात परत दारात आली. कमलाक्षीने डावी मूठ सोडली आणि हात पुढे केला.

शहाजीने त्या हाताकडे पाहिलं, मग गाडीकडे. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते.

"उतर की," तो म्हणाला. "माझे हात अडकलेत, दिसत नाही?"

सीतारामराव घाईघाईने पुढे आले. "मी धरतो गाडी. तुम्ही तिला हात द्या."

"नको. तुम्हाला जमायचं नाही, मामा. पडली तर ओरखडा येईल."

कमलाक्षीचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, पाय टाकला आणि नवऱ्याच्या उलट बाजूला, वडील उभे होते तिकडे, स्वतःची स्वतः उतरली. हँडलवरची माळ सारखी केली. मूठ कुणाच्याच हाती दिली नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "पेटी आत नेऊ?"

विचारलं तिने अगदी साधं, आज भाजी कुठली करू असं विचारावं तसं. सीतारामरावांच्या जिभेवर नेहमीचंच आलं होतं. लोक काय म्हणतील. घरोघरी मातीच्या चुली. जरा सोसावं. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मग त्यांनी लेकीच्या हाताकडे पाहिलं. तो आता तिच्या पदरात होता.

"राहू दे," ते म्हणाले. "मी नेतो."

उभ्या जन्मात त्यांनी घरातलं ओझं उचललं नव्हतं. दोराला धरून त्यांनी पेटी उचलली, ती गुडघ्यावर आपटली, पण खाली ठेवली नाही. गंगाबाई बाजूला झाल्या. कमलाक्षी त्यांच्या पुढून आत गेली.

"मामा," मागून शहाजीचा आवाज आला. आवाजात पहिल्यांदाच अजिजी होती. "मामा, हे स्टँडवर कसं चढवायचं?"

सीतारामरावांनी पेटी माजघरात, तिच्या जुन्या जागी ठेवली आणि धाप टाकत ते दार लावायला परत आले. जावई रस्त्यात मोटरसायकल धरून उभा होता. टाचेखाली चिरडलेलं लिंबू होतं. सोडावी तर पडते आणि बसावं तर चालवता येत नाही. समोर सूर्यनारायण ते बघून उठायला लागला होता. शेषगिरींनी त्याला आणखी एक टंबलर कॉफी घ्यायचा आग्रह केला, आणि त्याने तो मोडला नाही.