कापायचा दिवस

आमच्या घरात वर्षातून दोन-तीनदा असा एक दिवस यायचा, की त्या दिवशी कुणी बोलायचं नाही. कुणी आजारी नसायचं, कुणाचं भांडणही झालेलं नसायचं. त्या दिवशी माझ्या थोरल्या जाऊबाई हार्डँगरचे धागे कापायच्या, एवढंच. मी त्यांना वहिनी म्हणायची.

आदल्या संध्याकाळीच दाराच्या घंटेला फडकं गुंडाळलं जायचं. रेडिओ कपाटात जायचा. आमचे हे छापखान्यात कामाला. ते सकाळी बूट हातात घेऊन जिना उतरायचे आणि खाली पायरीवर बसून घालायचे. खालच्या मजल्यावर थोरल्या दिरांचा, म्हणजे दादांचा, दातांचा दवाखाना होता. कापायच्या दिवशी दादा अवघड दाढा काढायला घेत नसत. पेशंट ओरडला तर वर ऐकू जाईल, म्हणून पुढची तारीख द्यायचे. बायकोच्या भरतकामापायी लोकांची दाढदुखी लांबवणारा दुसरा डॉक्टर मी तरी ऐकला नाही.

हार्डँगर म्हणजे पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचं भरतकाम. कापडाचे धागे एकेक मोजून त्यावर टाक्यांचे छोटे ठोकळे भरायचे, अगदी समोरासमोर. सगळे भरून झाले की बारीक टोकाची कातर घ्यायची आणि ठोकळ्यांच्या आतल्या बाजूचे कापडाचेच धागे कापून ओढून काढायचे. उरलेल्या धाग्यांची जाळी होते, ती सुईने गुंफून घ्यायची. आतल्याऐवजी बाहेरचा धागा कापला गेला की संपलं. भलत्याच जागी भोक पडतं आणि ते कुठल्याच नक्षीत बसत नाही.

मला हा प्रकार कधी पटला नाही. मी गोधड्या शिवायची. जुने शर्ट, विटलेले पडदे, दादांचे दवाखान्यातले झगे, जे हाती लागेल ते कापून जोडायचं. माझं काम बडबड केल्याशिवाय व्हायचंच नाही. आणि घरात जेवणाचं टेबल एकच. अर्ध्यावर वहिनींची पांढरी चादर अंथरलेली, अर्ध्यावर माझा पसारा, आणि मध्ये हद्द म्हणून शिंप्याची लाकडी पट्टी. माझा एखादा लाल दोरा उडून पलीकडे गेला की वहिनी तो चिमटीत धरून, झुरळ धरावं तसा, परत माझ्याकडे टाकायच्या.

"चांगल्या कापडाला भोकं पाडायची, आणि वर त्याला कला म्हणायचं," मी म्हणायची.

"तुझ्या गोधडीत ह्यांचा पायजमा ओळखू येतो," वहिनी मान वर न करता म्हणायच्या. "पाहुण्यांना पांघरायला देताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

अशी आमची वर्षं चालली होती, आणि फार छान चालली होती. हे आता कळतं.

मग माझ्या पुतणीचं, म्हणजे वहिनींच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं, आणि विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या. उंच, शिडशिडीत बाई. बोलणं मोजकं. त्यांना एक खोड होती. हातात येईल ती वस्तू त्या उलटी करून बघायच्या. बशी उलटी करून बघितली. खुर्चीवरची उशी उलटी करून बघितली. मला तर वाटलं, आता माझ्या दिरांना उलटं करतात की काय. मग त्यांनी ट्रेवरचा वहिनींचा हार्डँगरचा रुमाल उचलला, उलटा केला, चष्मा नाकावर सरकवून बराच वेळ न्याहाळला आणि परत ठेवून दिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली यंत्रावर फार सुबक करतात."

वहिनींच्या हातातली किटली तशीच राहिली. तो रुमाल त्यांनी सबंध एक हिवाळा खपून केला होता. उलट्या बाजूला एक गाठ नाही, एक दोरा लोंबत नाही, असं त्यांचं काम. पुढे पुतणीकडून कळलं की विहीणबाई स्वतःही हार्डँगर करतात आणि त्यांच्याकडे खुर्च्यांच्या पाठींपासून टेलिफोनपर्यंत सगळ्याला रुमाल आहेत. मग तर वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. न कळणाऱ्या माणसाने म्हटलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं.

"पुढच्या खेपेला टेबलावर सबंध टेबलक्लॉथ असेल," त्या मला म्हणाल्या. "बघू दे किती उलटा करून बघते ती. माझ्या हाताला यंत्र म्हणते."

"अहो वहिनी, पण तुमचे डोळे?"

इथेच खरी अडचण होती. वहिनींना मोतीबिंदू झाला होता. लग्न पार पडल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही, असा त्यांचा हट्ट. ठोकळे त्यांनी भरले, धागे बोटांच्या टोकांनी मोजून. टेबलावर वाकून, ओठ हलवत, आंधळ्या माणसाने वाचावं तशा. मी बघितलंय म्हणून सांगते, एक ठोकळा चुकला नाही. पण कापायला डोळेच लागतात. विहीणबाई रविवारी यायच्या होत्या आणि शनिवार उजाडला तरी कातर हातात घ्यायचं त्यांचं धाडस होईना.

"मी कापतो," दादा म्हणाले.

"तुम्ही?"

"का? जन्मभर लोकांच्या तोंडात हत्यारं घातली. एकाची तरी जीभ कापली का? हे तर कापड आहे. कापड हलत नाही, चावत नाही, आणि थुंकायचंय म्हणत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी कापते ते सगळं पायजम्यासारखं दिसतं." शेवटी त्यांनी होकार दिला, पण अटी घालून. घंटेला फडकं, रेडिओ कपाटात, दवाखाना बंद. आणि कुणी म्हणजे कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. विशेषतः दादांनी. दादांना काम करताना पेशंटशी बोलायची सवय होती. तोंडात बोळे कोंबून मग ते त्याला मुलांच्या शाळेविषयी विचारायचे.

दादा खालून भिंगाचा चष्मा, कपाळावरचा दिवा आणि पांढरा झगा घालून आले. हात साबणाने धुऊन आले. टेबलक्लॉथ पसरला, कातर उचलली आणि सवयीने टेबलावर दोन टिचक्या मारल्या, जणू आता आ करा म्हणणार.

त्यांनी कापलं मात्र सुरेख. एकेक धागा चिमट्याने वेगळा करायचे, कातरीचं टोक घालायचे, कट्ट करून आवाज व्हायचा, आणि धागा काढून बशीत ठेवायचे. सगळ्या कडा झाल्या. कोपरे झाले. एकदा ओठांतल्या ओठांत "दुखतंय का?" असं कापडाला विचारलं, तेव्हा वहिनींनी त्यांना कोपराने ढोसलं. त्याखेरीज घर असं चिडीचूप, की मला स्वतःची सुई कापडातून जाताना ऐकू येत होती.

राहिली मधली मोठी नक्षी. तिथे दादा जरा थांबले. दोन ठोकळे अगदी शेजारी होते आणि त्यांनी कातर त्यांच्या मध्ये अधांतरी धरली होती. वहिनींना दिसत नव्हतं आणि कट्टही ऐकू येईना, पण नक्षी पाठ असल्याने ते कुठे अडले असणार हे त्यांना कळत होतं. त्यांचा धीर सुटला. आपला नियम त्यांनी स्वतःच मोडला.

"अहो, उजव्या बाजूला," त्या म्हणाल्या.

कट्ट.

मी वाकून बघितलं आणि डोळे मिटून घेतले. दादांनी डावीकडे कापलं होतं. नक्षीच्या बाहेर, ऐन मध्यावर, नखाएवढं भोक.

"उजव्या म्हटलं होतं ना मी?" वहिनींचा आवाज इतका बारीक झाला की मला त्यांची दया आली.

"उजवंच कापलं," दादा म्हणाले. "तिचं उजवं."

"तिचं म्हणजे कुणाचं?"

"हिचं." त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. "आमच्यात उजवं म्हणजे पेशंटचं उजवं. ते आपल्या डाव्या हाताला येतं. उलट धरलं तर भलताच दात हातात येईल."

"कापडाला कसला आलाय उजवा हात?"

"मग बोललीस कशाला? मी बरोबर जागी कापणारच होतो. एकदा 'उजव्या' कानावर पडलं की हात आपोआप जातो."

वहिनी खाली बसल्या आणि बोटाने ते भोक चाचपत राहिल्या. बोट हटेना. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तो धागा परत विणून घेता येतो," त्या म्हणाल्या. "डोळे असते तर. आता उद्या ती येणार, उलटा करणार, आणि म्हणणार, हिला येतच नाही म्हणून यंत्राचं आणते." मग टेबलक्लॉथची घडी घालायला लागल्या. "प्लॅस्टिकचा अंथर तो फुलाफुलांचा."

वहिनींनी हार मानलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. मला ते सोसवेना. मी मधली लाकडी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"वहिनी, ह्याला खालून गोधडी लावू या."

"काय लावू या?"

"पातळशी. आत काही भरायचं नाही, नुसते तुकडे जोडून. भोकांतून रंग दिसेल आणि नक्षी उठून येईल. ह्या भोकाच्या कडेने मी टाके घालते, म्हणजे धागे उसवायचे नाहीत. आणि खालून सगळं बंद झालं की उलटी बाजूच उरत नाही. बघू दे काय बघायचंय ते."

"हार्डँगरला अस्तर," वहिनी म्हणाल्या. जणू मी कुणाच्या टकलावर झालर शिवते म्हटलं होतं. "तेही तुझ्या चिंध्यांचं."

"निळे तुकडे काढते. एकसुद्धा पायजमा घालत नाही."

त्यांनी घातलेली घडी पुन्हा मोडली. मग म्हणाल्या, "चौकडीचा घालू नकोस. चौकडीने माझे ठोकळे मरतील."

आम्ही दोघींनी जन्मात पहिल्यांदा एकाच कापडावर काम केलं. मी निळे तुकडे जोडून दिले, वहिनींनी बोटांनी जाळी गुंफली, मी अस्तर टाचलं. घंटेचं फडकं काढलं, रेडिओ लावला. दादा अपराध्यासारखे सुया ओवून देत होते. त्या त्यांना भिंगातून छान ओवता येत होत्या. "मी बरोबरच कापलं होतं," असं ते मधूनमधून म्हणत, आणि आम्ही दोघी एका सुरात "गप्प बसा" म्हणायचो. निळे तुकडे कमी पडले तेव्हा एका कोपऱ्याला चौकडीचा शर्ट घातलाच मी. वहिनींना दिसणार नव्हता.

रविवारी विहीणबाई आल्या. टेबलाकडे पाहिलं आणि बसता बसता थबकल्या. पांढऱ्या जाळीतून निळं असं झिरपत होतं, की मलाच पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. दादांना आम्ही आतल्या खोलीत बसवलं होतं, तोंड न उघडण्याच्या बोलीवर.

चहा ओतला. विहीणबाईंचा हात हळूच काठाकडे गेला. काठ उचलला. खाली निळा पडदा. त्यांच्या कपाळाला आठी पडली. साखर घेण्याच्या निमित्ताने त्यांनी पलीकडचा काठ उचलला. तिथे शर्ट, काजासकट. मग त्यांचा चमचा खाली पडला. तो उचलायला म्हणून त्या टेबलाखाली वाकल्या, त्या इतका वेळ वर येईनात की पुतणी होणाऱ्या सासूला म्हणाली, "आई, सापडला का?"

"सापडला," खालून आवाज आला.

वर आल्यावर त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग एक बोट टेबलक्लॉथवर फिरवत राहिल्या, ठोकळ्यावरून ठोकळ्यावर. बोट मध्यावर आलं. तिथे थांबलं. वहिनींना दिसत नव्हतं, पण बोट कुठे थांबलंय ते त्यांना माझ्या श्वासावरून कळलं असावं. त्या ताठ बसल्या.

विहीणबाईंनी चष्मा काढला.

"इथे कापताना कोण बोललं?" त्यांनी विचारलं.



"मी," वहिनी म्हणाल्या.

विहीणबाईंनी मान हलवली. "आमच्याकडे आमचे हे शिंकले. दिवाणखान्यातल्या टेबलावर माझी फुलदाणी आहे ना, ती मी कुणाला हलवू देत नाही. लोकांना वाटतं फुलांची आवड आहे." मग म्हणाल्या, "यंत्र कुणाचं ऐकून कापत नाही. म्हणजे तो मागचा ट्रेवरचा रुमालही हाताचाच?"

"हाताचाच."

"त्याच्या उलट्या बाजूला एक गाठ नव्हती."

"नसतेच माझी."

विहीणबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला, कप ठेवला. "एवढं स्वच्छ करू नये हो माणसाने," त्या म्हणाल्या. "समोरच्याचा गैरसमज होतो."

वहिनी हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण पदराने डोळे पुसत, असं नाही. आतलं दार उघडलं आणि दादा बाहेर आले. इतका वेळ ते दाराला कान लावून होते.

"ते भोक मी पाडलंय," ते म्हणाले. "हिने नुसतं सांगितलं."

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला दादांनी ते भोक दाखवलं. पेशंटनासुद्धा, वर आणून. हिरडी बधिर होईपर्यंतचा वेळ जायला बरं, म्हणायचे. त्यावर कुणी बशी ठेवली तर उचलायला लावायचे.

लग्न झालं, मग वहिनींचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढून घरी आल्या त्या पहिल्यांदा टेबलापाशी गेल्या. मी बाजूला उभी. त्यांनी ते भोक पाहिलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग टेबलक्लॉथ उलटा केला. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. कोपऱ्यात थांबल्या.

"चौकडी," त्या म्हणाल्या.

"निळे तुकडे कमी पडले होते, वहिनी."

"आणि हे टाके कुणी घातलेत? माणसाने घातलेत की रानडुकराने?"

मी लाकडी पट्टी शोधायला गेले, टेबलाच्या मध्ये ठेवायला. ती काही सापडली नाही. दादांनी खाली नेऊन दवाखान्याच्या खिडकीला अडसर म्हणून लावली होती. मग राहूच दिली.