गर्डरच्या दुसऱ्या टोकाला सून

अंतरवालीच्या कचरूला आग्या मोहोळाच्या मधाचा भारी नाद. पोळं कोरड्या विहिरीवर झुकलेल्या फांदीला लोंबत होतं, तरी गडी हटला नाही. जालन्याच्या भंगारातून आणलेला लांबलचक लोखंडी गर्डर त्यानं विहिरीच्या काठावरून आडवा सारला, जमिनीकडच्या बाजूला, काठ आणि टोकाच्या मधोमध, बायको तुळजाबाईला बसवलं आणि स्वतः घोंगडी पांघरून बाहेरच्या टोकाला रांगत गेला. तुळजाबाई म्हणजे सोयाबीनची दोन पोती. ती बसल्यावर समोर म्हैससुद्धा लटकली असती!

कोयता लागला आणि माश्या उठल्या. घोंगडीपुढं काही चालेना, तशा त्या तुळजाबाईवर तुटून पडल्या.

"अहो, मी उठून राह्यले!"

"उठलीस तर कुंकू पुसलं बघ!" कचरूनं खाली पाहिलं. पाण्याचा थेंब न्हाई, नुसते सुळे काढलेले खडक. त्यानं गर्डरला मिठी मारली.

आरडाओरडा ऐकून सून शीतल धावत आली. ती वडीगोद्रीच्या शाळेत गणित शिकवते. अंगानं सासूच्या निम्मी. सासऱ्यासमोर तोंडावर पदर ओढला, म्हणून माश्यांपासून वाचली. पण गर्डरपाशी थबकली. त्या घरात सून सासऱ्याच्या बाजेवरही बसत नसे.

"मामा, तुमच्या बरोबरीनं कशी बसू?"

"बस माय, जल्दी! अशी माझ्याजवळ, काठाला दाबून!"

शीतल उलटी मागंच निघाली. पोरगी पळाली! कचरूनं बोंब ठोकली.

"काठाजवळ बसले तर तुम्ही गेलेच, मामा. आत्याबाईंच्या निम्मं माझं वजन, मंग दुप्पट लांब बसायला पाहिजे. वजन जितक्या पटीनं घटलं तितक्या पटीनं अंतर वाढवायचं, तवा गुणाकार बराबर राहतो. व्यस्तचलन म्हणतात ह्याला."

"काय म्हणायचं ते म्हण, पण बस!"

ती पार शेवटच्या टोकाला बसली. तुळजाबाई किंचाळत पळाली. गर्डर डुलला, कचरूनं डोळे गच्च मिटले, देव आठवले, शेजाऱ्यांचे सुद्धा. गर्डर स्थिरावला.

"आता रांगत या. काठापासून निम्म्या अंतरावर आले की तुमचा जोरही निम्मा. हे समचलन."

"वर्ग नको भरवू!"

तो रांगला. दात असे वाजत होते, की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं इंजिन बिघडलं म्हणून गाडी थांबवली. अखेर पोट जमिनीला लागलं. शीतल उठू लागली.

"उठू नको!" दोन्ही मुठींत माती धरून कचरू ओरडला. "अजून मागं सरक!"

"मागं गर्डर संपला, मामा."

"संपला तरी सरक!"