वेखंडाची सहाण

मित्रांनो, आधी मला रत्नाबाईची तक्रार करू द्या. तिच्या सासूच्या सासूने ज्या सहाणेवर लेकरांच्या गुट्या उगाळल्या, तिला तिने फाटक्या फडक्यात गुंडाळलं, वर काळा दोरा आवळला आणि राखेच्या डब्यामागे कोंबलं. मेल्या माणसालासुद्धा लोक कोरं कापड देतात. ती सहाण म्हणजे मी. घरातली सर्वांत जुनी मीच, आणि मला विचारल्याशिवाय हे झालं.

तापीकाठच्या एका पाथरवटाने मला तांबूस दगडातून घडवलं. तीन ठेंगणे पाय, सपाट पाठ आणि एका अंगाला छोटी पन्हळ. हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग सगळं माझ्या पाठीवर झिजलं. ज्या लेकराची जीभ उशिरा वळे, त्याच्यासाठी वेखंड. मधात चार वळसे द्यायचे आणि बोटाने जिभेवर लावायचं. पोर बोलायला लागलं की बाया म्हणत, "सहाणेला गुण आहे हो." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण त्यातली बरीचशी पोरं बोलणारच होती. दगडाने एवढं तरी कबूल करावं.

पुढे रत्नाबाईचा मुलगा चंद्रभान तारापूरला वीजघराच्या बांधकामावर फिटर म्हणून लागला. बोईसर स्टेशनामागे दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं. रत्नाबाई, सून उषा, नात सुगंधा आणि मी. ते साल पासष्ट असावं.

सुगंधा तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. हाक मारली की वळून बघे, म्हणजे कान चांगले होते. रत्नाबाईने रोज वेखंड लावलं. पोपटाने टोचलेला पेरू चारला. देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते पाजलं. पोरगी सगळं निमूट गिळायची. तिने नुसतं बोट दाखवायला हात उचलला, की रत्नाबाई भाकरी, पाणी, बाहुली तिच्यापुढे ठेवायची. पोरीला तोंड उघडायचं कारणच उरत नसे.

मग उषाने ऐकलं, की मुंबईच्या एक बाई दर सोमवारी पालघरच्या दवाखान्यात येतात आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करतात. ती सासूला न जुमानता पोरीला घेऊन गेली.

"काय औषध दिलं?" रत्नाबाईने दारातच विचारलं.

"औषध नाही, आत्याबाई. ती जो आवाज काढील तोच आपण काढायचा. आणि काही मागितलं तर लगेच द्यायचं नाही. हातात धरून थांबायचं."

"म्हणजे ही म्याव म्हणाली तर म्हातारपणी मी मांजर होऊ?"

"ती म्याव तरी म्हणू दे," उषा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं. दुपारी बांधकामावर सुरुंग उडत. मांडणीवरची भांडी थरथरत आणि मग सगळं असं शांत होई, की राखेत पडलेला निखारा ऐकू यावा. त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. खर्र, खर्र. थोडं थांबून आखूड खर्र.

"उषा, सहाणेवर कोण आहे?"

"कोणी नाही. मी इथे तुमच्यासमोर तांदूळ निवडतेय."

रत्नाबाई आत आली. मी कोरडी होते. वेखंड कोनाड्यात होतं. भिंतीशी सुगंधा अंगठा तोंडात घालून बसली होती. रत्नाबाईने माझ्या पाठीवर बोट फिरवलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रत्नाबाईच्या तोंडचं पाणी पळालं, कारण ती चाल तिच्या ओळखीची होती. दोन लांब, थांबून एक आखूड. तीस वर्षांपूर्वी तिची थोरली लेक हंसा चुलीपाशी बसून तोंडाने अगदी असाच आवाज काढायची. लोक वेडी म्हणतील म्हणून रत्नाबाई तिला "गप" म्हणायची. हंसा चार वर्षांची होऊन, एकही शब्द न बोलता, तापात गेली.

"हंसाच आलीय," रत्नाबाई उषाला म्हणाली. "या दगडात बसलीय. तिनेच हिची वाचा धरून ठेवलीय. आता सोमवारचं पालघर बंद."

मित्रांनो, तुम्ही ओळखलं असेल. मी तर रोज डोळ्यांसमोर पाहत होते. सुगंधा माझ्याकडे बघून गळ्यातून तो आवाज काढायची आणि कोणाचं पाऊल वाजलं की अंगठा तोंडात घालायची. तेच तिचं पहिलं बोलणं होतं. सगळं घर त्याचीच वाट बघत होतं आणि तेच ऐकून घाबरलं होतं. मला फडक्यात बांधल्यावर तर तोही आवाज बंद झाला. तीन दिवस पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली. रत्नाबाईने तर मला खाडीत टाकायचं ठरवलं होतं. मी खाडीत गेले असते, तर तिचं बोलणंही माझ्याबरोबर बुडालं असतं.

चौथ्या दिवशी मनोरकडच्या पाड्यावरची ठमी आली. ती घरोघर लाकडं आणून द्यायची. रत्नाबाईने मला तिच्या पाटीत ठेवलं.

"आजी, दगुड भारी हाय. हितंच आडात टाकू का?"

"खाडीत. ओहोटीच्या पाण्यात. आणि मागे वळून बघायचं नाही."

"आमी कशाला वळू? मागून काय आलं तं तेच हाक मारील."

पाटी डोक्यावर घेऊन तिने उंबऱ्यावर पाय ठेवला, तेवढ्यात आवाज आला. खर्र, खर्र. आणि थांबून, खर्र.

रत्नाबाईने चौकट धरली. ठमीने पाटी हळूच खाली उतरवली.

"आजी, माज्या पाटीत नाय वाजला. खालून वाजला."

सुगंधाने ठमीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला होता. मान वर, ओठ उघडे, आणि गळ्यातून तोच आवाज. रत्नाबाईच्या तोंडात "ग" आला होता. तो तिथेच राहिला. उषा पिठाच्या हातांनी धावत आली, पोरीसमोर बसली आणि तिने तोच आवाज काढला. पोरगी दचकली. मग तिने पुन्हा काढला. उषानेही काढला. असं चार वेळा झालं. नंतर उषाने मला पाटीतून उचलून छातीशी धरलं आणि ती नुसती थांबली. रत्नाबाई मला घ्यायला पुढे झाली, तर उषाने मानेनेच नको म्हटलं. थांबणं किती लांब असतं ते मला तेव्हा कळलं.

"दे," सुगंधा म्हणाली.

मग ठमीने चुंबळ झटकली. "मंग मी जाऊ का? दगुड नाय बोलला. पोरगीच बोलली."

मित्रांनो, मूल आधी आवाज देतं, शब्द मागून येतात. तो आवाज भांड्यासारखा असो की दगडासारखा असो, त्याला उलट आवाज द्या आणि थांबा. मला जपलं नाहीत तरी चालेल. दगडाला घाई नसते.

दुसऱ्या सकाळी रत्नाबाईने माझा काळा दोरा तोडला. वेखंड हातात नव्हतं. तिने माझ्या कोरड्या पाठीवर नुसतं बोट फिरवलं. दोन लांब, थांबून एक आखूड. मग हात काढून ती माझ्याकडे बघत राहिली. आजवर मी दुसऱ्याच्या हातानेच वाजले होते. त्या वेळी माझ्यावर कोणाचाही हात नव्हता, आणि मी मोठ्याने बोलले.

"रत्ने, ही चाल तुझ्या हाताची आहे. हंसाने तुझ्याकडूनच उचलली, आणि हिनेही. हंसा चार वर्षं तुलाच हाक मारत होती आणि तू तिला गप केलंस. आता गप बसायची पाळी तुझी."