मामाचं काळीज

बिट्टीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, गंगेत घोडं न्हालं. घोडं अजून काठालासुद्धा पोचलेलं नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं.

कॉलेज आईवडिलांच्या गावापासून लांब, म्हणून ती मामाकडे राहायला आली. मामाची बेकरी होती. खाली भट्टी आणि दुकान, वर दोन खोल्या. बिट्टीच्या खोलीची फरशी कायम कोमट असायची. पुस्तक उघडून बसलं की पायाच्या तळव्यातून ऊब चढायची, खालून पावाचा वास यायचा आणि स्नायूंची नावं एकमेकांत विरघळून जायची. वाचलेलं कुठलं आणि स्वप्नात दिसलेलं कुठलं, हे तिला कधीकधी सांगता यायचं नाही.

डिसेक्शन हॉलमध्ये तिच्या टेबलावर देहदान केलेले एक म्हातारे गृहस्थ होते. सगळी पोरं त्यांना आजोबा म्हणायची. पहिल्या दिवशी बिट्टीची पाचावर धारण बसली होती. मग एका सकाळी तिने त्यांचा हात हातात घेतला, बोटाचा एक स्नायुबंध हलकेच ओढला, आणि आजोबांचं बोट वाकलं. जणू जवळ बोलावत होते. तिथून तिची भीती गेली. पण जग मात्र बदललं. रस्त्याने चालताना तिला माणसांच्या आतलं दिसायला लागलं. बसची वाट बघणाऱ्या बाईच्या मानेचे मणके, पिशवी उचलणाऱ्या माणसाच्या खांद्याची खोबण. सगळं गाव जणू पाण्याखालून चाललेलं, संथ आणि पारदर्शक.

परीक्षेत मात्र असं तरंगून भागत नाही. शाळेत कायम पहिली येणारी बिट्टी पहिल्याच चाचणीत आपटली. तोंडी परीक्षेत सरांनी मांडीचं हाड पुढे ठेवून विचारलं, "कुठल्या पायाचं?" ती म्हणाली, "डाव्या." सर म्हणाले, "तुमच्या डाव्या की त्याच्या?" मागे पोरं फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून डावं-उजवं हा शब्द ऐकला तरी ती आधी स्वतःचे हात बघायची.

रडत-पडत पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी गळ्यात स्टेथोस्कोप आला. वॉर्डात मॅडम एकेकाला पुढे बोलवायच्या, रुग्णाच्या छातीवर चकती ठेवायला लावायच्या. "आला आवाज?" बिट्टी मान डोलवायची. खरं तर तिला आपल्याच कानातलं रक्त ऐकू यायचं, नाहीतर नुसती खरखर. बाकीचे सगळे इतक्या खात्रीने मान डोलवायचे, की आपण एकटीच ठार बहिरी, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी तिने ठरवलं, घरच्या माणसावर हात बसवायचा. मामा पहाटे भट्टी पेटवायचा, त्यामुळे दुपारी जेवण झालं की आडवा व्हायचा. त्या दुपारी खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या पोटावर पडलं होतं. दंडावरची पिठाची लव चमकत होती.

"मामा, जरा शर्ट वर कर ना."

"कापणार नाहीस ना, डॉक्टरीणबाई?" डोळे न उघडता मामा म्हणाला.

तिने बोटांनी फासळ्या मोजल्या, डाव्या बाजूला बरोबर जागा शोधली, चकती ठेवली. श्वास येत-जात होता. त्याच्या मागे फार लांबून, भिंतीपलीकडे कुणी कणीक मळावी तसं काहीतरी. बस्स. तिने चकती वर सरकवली, खाली सरकवली. डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, तुझं काळीजच सापडत नाहीये!"

दारातून मामी म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तेच सांगतेय, पण ऐकतंय कोण?"

मामा झोपेतच खुदकन हसला आणि कुशीवर वळला. चकती त्याच्या छातीवरून घसरत उजवीकडे गेली. आणि बिट्टीच्या कानात एकदम दार उघडल्यासारखं झालं. लबडप, लबडप. भरदार, जवळ, स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो आवाज खरोखर ऐकू आला होता, आणि तो चुकीच्या बाजूला होता.

माझंच डावं-उजवं पुन्हा चुकलं असणार, असं म्हणून तिने मामाचा हात धरून बघितला. हा उजवा. याच हाताने तो पाव कापतो. पुन्हा ऐकलं. तिथेच.

दुसऱ्या दिवशी तिने भीतभीत मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या उजवीकडे की त्यांच्या?"

"त्यांच्या, मॅडम." यावेळी तिने मान खाली घातली नाही.

"बरं, घेऊन ये त्यांना."

इस्त्रीचा शर्ट घालून मामा आला. मॅडमनी बराच वेळ ऐकलं, पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि एक्स-रे काढायला पाठवलं. फोटो आला तेव्हा तो खिडकीशी धरून त्या हसल्या. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. सगळं आरशात दिसावं तसं.

मामाचा चेहरा पडला. "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचा जोडलेला होतो?"

"चुकीचे नाही हो. सगळं जोडलंय नीट, फक्त दुसऱ्या हाताने," मॅडम म्हणाल्या. "काही त्रास नाही, औषध नाही. मात्र कधी छातीत, पोटात दुखलं आणि डॉक्टरकडे गेलात, तर आधी हे सांगायचं. नाहीतर ते भलत्याच बाजूला शोधत बसतील."

मामाचा जीव भांड्यात पडला. मग मॅडमनी विचारलं, "आमच्या पोरांना ऐकू द्याल?"

बाकीच्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मामा टेबलावर ऐटीत बसला. एकेक जण पुढे आला, डावीकडे चकती ठेवली, आणि नेहमीच्या खात्रीने मान डोलवली. "स्वच्छ येतोय, मॅडम." दुसरा म्हणाला, "अगदी नॉर्मल." मॅडमनी पुढच्याला बोलावलं. एक लाजाळू मुलगी तेवढी बराच वेळ वाकून राहिली आणि शेवटी पुटपुटली, "मला नाही येत ऐकू. नेहमीच नाही येत."

"शाबास," मॅडम म्हणाल्या, "आता उजवीकडे ठेव."

बिट्टी भिंतीशी उभी होती. सगळे मान डोलवणारे आपल्यासारखेच होते तर! तिला हसू आलं, आणि वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी अलगद उचलून नेल्यासारखं वाटलं.

घरी येताना मामा काठोकाठ भरलेलं भांडं नेतोय अशा बेताने चालत होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "मला ऐकव की."

तिने नळ्या त्याच्या कानांत घातल्या, चकती उजवीकडे धरली. मामाचे डोळे मोठे झाले, मग हळूहळू लहान.

"हे मी झोपलो तरी चालू असतं?"

"हो."

"आणि मी भट्टीपाशी असतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"कमाल आहे," तो म्हणाला. "आता झोप कशी यायची मला?"

आणि तसाच, कानांत नळ्या ठेवून, झोपून गेला. बिट्टी चकती धरून बसून राहिली. खिडकीचा पडदा फुगत होता, पुन्हा बसत होता. मामाचा श्वास, पडदा आणि खालची ऊब, सगळं एकाच लयीत चाललं होतं.

"अगं, दुकान कोण उघडणार?" मामी कुजबुजली.

बिट्टीने चकती अलगद मामाच्या छातीवर ठेवली, त्याचाच हात उचलून चकतीवर ठेवला आणि खाली गेली. शटर वर ओढलं. बाहेर उन्हात गिऱ्हाइकं उभी होती, आणि प्रत्येकाच्या आत काहीतरी चालू होतं. कुठल्या बाजूला, कोण जाणे.

"पाव ताजे आहेत का गं?" पुढच्या बाईंनी विचारलं.

"बघून सांगते," मान न डोलवता बिट्टी म्हणाली.