नावाशिवाय सलाम

आमच्या नफ्त्यात, ट्युनिशियाच्या वाळवंटाकाठच्या या गावात, पत्राची सुरुवात सलामांनी होते आणि पुष्कळदा शेवटही सलामांनीच होतो. बावीस वर्षं मी टपाल कचेरीच्या पायरीवर बसून लोकांची पत्रं लिहिली आहेत, म्हणून सांगतो. मुलगा फ्रान्सात, आई इथे माझ्यासमोर उकिडवी. ती म्हणायची, "लिही, आत्या सलाम सांगते. आत्याचा नवरा सांगतो. शेजारची लंगडी सांगते, तिचं नाव राहू नये, नाहीतर बोलायची बंद होईल." दीड पान असं जायचं. मग तळाशी बोटभर जागा उरली की हळूच, "बाकी सर्व क्षेम आहे, तुझे वडील रमजानात वारले."

नावं गाळायची माझी छाती नव्हती. सलाम ही अमानत असते. एकाने हातात दिली की दुसऱ्याला पोचवेपर्यंत ती आपल्या मानेवर. हे मी लहानपणापासून शेख तिजानींच्या तोंडून ऐकत आलो. दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर झावियात, म्हणजे आमच्या सूफी मठात, मिंबराच्या म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याच्या पायरीवरून ते गाऊन प्रवचन करत. कथा सांगता सांगता स्वर वर चढवत आणि तिथेच सोडून देत, मग सगळ्या सभेने तो झेलायचा. माझ्या आयुष्यात मला जे काही चांगलं सुचलं ते त्या ओसरीवर बसून सुचलं.

पुढे पत्रं लिहून घेणारे संपले. मी परवाना काढला आणि झावियाच्या समोरच इंटरनेटचं केंद्र उघडलं. आठ खुर्च्या, आठ पडदे, सगळे पडदे माझ्या टेबलाकडे तोंड करून, कारण परवान्यात तसंच लिहिलेलं. आलेल्याचं ओळखपत्र घ्यायचं, वहीत नाव, खुर्ची, वेळ. गुरुवारी सकाळी सी फौझी नावाचा माणूस येऊन वही चाळायचा. तो कोणत्या कचेरीतला हे कोणी विचारत नसे. भिंतीवर राष्ट्राध्यक्षसाहेबांची तसबीर होतीच, ती पुसायचं कामही माझंच.

मब्रूकामावशी पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली. तिचा मुन्सिफ गफ्साच्या कॉलेजात शिकत होता. बागांचं पाणी हॉटेलांकडे वळवलं जातं, बागा वाळतात, एवढंच तो तिथे ध्वनिक्षेपकावर बोलला. आठवड्याने त्याला सरहद्द ओलांडावी लागली. आता तो इटलीत, पालेर्मोत, एका भटारखान्यात कणीक मळत होता. मावशीच्या घरचा फोन ऐकला जातो हे तिला ठाऊक होतं, पत्रं फोडली जातात हेही.

"लारूसी," ती म्हणाली, "तुझ्या या पेट्यांतून पोरगा बोलतो म्हणे."

"मावशी, या पेट्याही ऐकतात."

"मग तू कशाला बसलायस इथं? काहीतरी कर."

मी केलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून एक युक्ती मला कळली होती. मायलेकांची टपालपेटी एकच ठेवायची, किल्ली दोघांकडे. पत्र लिहायचं पण धाडायचं नाही, अर्धवट म्हणून आतच ठेवायचं. तो तिकडून पेटी उघडणार, वाचणार, पुसणार, आपलं लिहून ठेवणार. पत्र रस्त्यावर निघतच नाही, मग फोडणार कोण?

किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, ठरवताना मी म्हटलं, मुलाचं नाव नको, जन्मतारीख नको. मावशीने फार विचार केला. मुन्सिफ सहा वर्षांचा असताना ज्या खजुरीवरून पडला तिची जात, आणि त्याला पडलेल्या टाक्यांचा आकडा. हे जगात तिघांनाच माहीत होतं आणि तिसरा, त्याचा बाप, कबरीत होता. पेटीचं नाव आणि 'ते झाड, ते टाके' एवढाच तोंडी निरोप तिकडे निघालेल्या एका पोराबरोबर गेला, तो पोर पुढे कुठे गेला ते कळलं नाही. ती किल्ली तिने स्वतः टोचायला शिकायची असा माझा हट्ट. एकेक अक्षर शोधून ती एका बोटाने दाबायची, जशी कोंबडी दाणा टिपते.

"मशीन विचारेल, किल्ली लक्षात ठेवू का? तू नाही म्हणायचं," मी सांगायचो.

"का? चांगलं विचारतंय बिचारं."

"चहावाल्याकडे घराची किल्ली ठेवतेस का?"

"चहावाल्याकडे? तो तर साखरसुद्धा मोजून देतो."

"झालं तर. आणि उठताना आधी पेटीतून बाहेर यायचं, मग पान मिटायचं, मग मागच्या खुणा पुसायच्या. नुसतं उठून गेलीस, तर पुढे बसणारा तुझ्या घरात बसला असं समज."

हे तिने पक्कं धरलं. तीन बोटं मुडपून मोजायची: बाहेर, मिट, पूस. वहीत मी तिचं नाव खरं तेच लिहायचो. सी फौझीने एकदा विचारलंही, ही म्हातारी इथे काय करते? भरतकामाचे नमुने बघते, मी म्हटलं. तो हसला.

एक नियम मात्र तिच्या गळी उतरेना. नावं लिहायची नाहीत.

"मग सलाम कसा सांगायचा?"

"सगळे सलाम सांगतात, एवढंच लिहू."

"सगळे म्हणजे कोण? सगळे तर मेल्यावर खांदा द्यायला येतात. पोराला कळायला नको का, कोण त्याला विसरलं नाही ते?" ती माझ्याकडे बघत राहिली. "बावीस वर्षं तू हेच लिहिलंस ना रे? माझ्याच पोराची वेळ आली तर नावं महाग झाली का?"

आठ महिने मी तिला रोखलं. ती भरली भाकरी आणायची, मिरची-चरबीची, फडक्यात गुंडाळलेली, आणि दर वेळी विचारायची. मी नाही म्हणायचो. मग एके दिवशी खुद्द शेख तिजानी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. ते कधी आत येत नसत. हळू आवाजात म्हणाले, "मब्रूकाच्या मुलाला माझा सलाम जाऊ दे. आणि एवढं लिही, तो जे बोलला ते मी मिंबरावरून बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

"सिदी, नावानिशी?"

"नावाशिवाय सलाम कसला, लारूसी? अमानत तुझ्या हातात दिली आहे."

आता मी काय करणार होतो? ज्यांच्या आवाजाने मी घडलो, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.

पुढच्याच गुरुवारी मावशी आली, चार नंबरच्या खुर्चीवर बसली, आणि मी शेजारी बसून टाइप केलं. सी फौझी सकाळी यायचा, तो आला नव्हता. आजच्यापुरता सुटलो, असं मी धरून चाललो. मावशीने मावसबहिणीचं नाव सांगितलं, सुईण उम्मुल-खैरचं सांगितलं. शेवटी मी शेखांचा निरोप शब्दाला शब्द लिहिला. मावशीचा चेहरा असा झाला की जणू लेकाचं लग्न ठरलं.

तेवढ्यात समोरून शेखांचा आवाज लागला.

"बायकांच्या दाराने जायचंय मला, वळसा पडतो," ती चादर सावरत उठली. बोटं मुडपून म्हणाली, "बाहेर, मिट, पूस. तू कर रे तेवढं."

"जा तू. मी करतो."

मी उठलो. फक्त एक कडवं, असं म्हणून दारात गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवशी शेख एका उंटवाल्याची कथा लावत होते. त्याच्याजवळ कोणा म्हातारीने मुलासाठी सलाम दिला होता. मिठाचं वाळवंट ओलांडून तो घरी पोचला, उंट सोडले, हात धुतले, भाकरी मोडली आणि त्याला आठवलं की सलाम तसाच मानेवर आहे. तो मोडलेली भाकरी ठेवून उठला. तीन दिवसांची वाट तो परत चालला. शेख ती वाट गात होते, पहिला दिवस, दुसरा दिवस. चौकटीला टेकून मी रडत होतो. डोळे मिटलेले होते. माझ्या अंगावरून कोणी आत गेलं ते मला कळलंही, पण गिऱ्हाईक असेल, बसेल, असं वाटलं.

वळलो तेव्हा सी फौझी चार नंबरच्या खुर्चीवर बसला होता. सकाळी तो कुठल्याशा मयतीला गेला होता, म्हणून उशीर झाला, असं त्यानेच सांगितलं. चष्मा लावून तो पडद्यावरची नावं सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेत होता.

"सलाम फार लांबवलेत, भावा," तो म्हणाला. "माझी आईही अश्शीच लिहायला लावते." थोडं वाचलं. "शेखपण आहेत की यात. मिंबरावरून काय काय बोलायचं राहिलं त्यांचं?"

तो उठून माझ्या टेबलाशी गेला, वही उघडली.

"वहीत मब्रूका आहे. भरतकामवाली ना? टाइप कोणी केलं?"

समोर झावियात सभा स्वर झेलत होती. मी म्हणालो, "तिनेच. एका बोटाने टोचते."

एवढंच मी बोललो. विचारही करावा लागला नाही.

मब्रूकामावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं आणि अंधार पडायच्या आत सोडलं. सुईणीलाही एक दिवस बसवून ठेवलं. शेखांना तीन दिवस ठेवलं. ते परत आले तेव्हा त्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. झावियाच्या दारावर दुरुस्तीची पाटी लागली. दुरुस्ती करणारा कोणी आला नाही. गुरुवारी लोक येतात, पाटी बघतात, परत जातात. शेख घरातही गुणगुणत नाहीत, असं त्यांची सून पाणी भरताना म्हणाली.

ती पेटी आता उघडता येत नाही. म्हणजे उघडेल, पण उघडणाऱ्याची कोणीतरी वाट बघत असेल. मुन्सिफला सावध करायला त्या पेटीशिवाय माझ्याकडे दुसरी वाट नव्हती, आणि पेटीत लिहिणं म्हणजे त्यांच्याच टेबलावर लिहिणं. भटारखान्याचं नाव मावशीला माहीत नाही. तेही मीच सांगितलं होतं, जागेचं नाव लिहू देऊ नकोस.

पंधरा दिवसांनी मावशी आली. ओळखपत्र टेबलावर ठेवलं, भाकरीचं फडकं ठेवलं, चार नंबरवर जाऊन बसली. पडद्याला हात लावला नाही.

"मी सांगितलं त्यांना, मीच लिहिलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, लिहून दाखव, म्हातारे. मग मी किल्लीची ती अक्षरं टोचली, आणि माझं नाव टोचलं. पाव तास लागला असेल. सगळे हसले आणि त्यांना पटलं. तुझं नाव काढलं नाही मी. तू शिकवलंस ते उपयोगी पडलं बघ."

मी वही पुढे ओढली. वेळ लिहिली.

"एकच सांग मला, लारूसी. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय. शेखांचा आवाज आला, मी उठले. तुला कर म्हटलं होतं, की मीच करते म्हणाले होते? मला आठवतं मी बोटं मोजली. पुढचं काही आठवत नाही."

तिची तीन बोटं अजून मुडपलेली होती.

"तू म्हणालीस, मीच करते," मी म्हणालो. "घाईत राहिलं असेल, मावशी. अल्लाची मर्जी."

 तिने चादरीच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली, जशी कबरीवरची पुसतात.

"असंच असणार," ती म्हणाली. "गाण्याला हपापलेली मी. पोराचा दोर मीच तोडला आणि त्या भल्या माणसाचा गळाही बंद केला." उठताना दाराकडे न बघता म्हणाली, "शेखांच्या उंबऱ्यावर जायला मला तोंड नाही. तू जा. म्हणावं, मब्रूका सलाम सांगते, आणि माफी मागते, चूक तिची होती. पोचवशील ना? अमानत आहे तुझ्यावर."

"पोचवतो," मी म्हटलं.

भाकरी मी संध्याकाळी खाल्ली. गरम नव्हती, पण चांगली होती.

शेखांचं घर झावियाला लागूनच, त्याचं दार माझ्या टेबलावरून दिसतं. वीस पावलं असतील. उन्हं कलली की ते बाहेर खुर्ची टाकून बसतात, माझ्याकडे बघून हात वर करतात, मीही करतो. दोन वर्षं झाली, तो सलाम मी अजून नेलेला नाही. नेला तर त्यासोबत कोणाची चूक नेऊ?