माळी काय म्हणाला

चपलांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, छत्र्यांच्या शेजारी, एक काळा डबा बसलेला होता आणि त्या घरात त्याला जावयाचा मान होता. त्याच्यावर कोणी काही ठेवायचं नाही, त्याच्या वायरीला झाडू लागू द्यायचा नाही, आणि पाहुण्यानं कपाटाचं दार धाडकन लावलं की घरधनी चहाचा कप तसाच टाकून उठायचे. डबा म्हणजे काय, तर कन्येच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर. तिनं तो पुसूनबिसून आणला, त्यात सिनेमे आणि जुन्या मालिका भरल्या, वर सर्व्हरचं एक सॉफ्टवेअर घातलं, आणि तेव्हापासून कपाटातला सिनेमा बैठकीतल्या टीव्हीवर दिसायला लागला.

घरधनी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम करून निवृत्त झालेले. तिथं त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. गाणाऱ्यानं श्वास कुठं चोरला, कुठल्या मायक्रोफोनची वायर सैल आहे, हे ते दाराबाहेर उभं राहून सांगत. नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं आणि चिकटलं. बायको तेवढी 'अहो' म्हणायची.

बायको शाळेत पी.टी. शिकवायची. नोकरी संपायच्या सुमाराला एका तापात तिचे कान गेले, ते अगदी ठार. आवाज मात्र मैदानावरचाच राहिला. तो केवढा लागतोय हे आता तिचं तिलाही कळायचं नाही, त्यामुळे 'अहो, दूध बघा!' हे खालच्या मजल्यापर्यंत पोचायचं आणि खालचे लोकही उठून आपापलं दूध बघून घ्यायचे.

कान गेल्याचं तिनं एक वेळ पचवलं. पचलं नाही ते 'काही नाही'. म्हणजे असं, की चार माणसं हसली, हिनं विचारलं 'काय झालं?', की हसणारा हात हलवून म्हणणार, 'काही नाही, नंतर सांगतो.' ते नंतर कधी येतं होय? एकदा अशाच एका जेवणावळीहून परत आल्यावर तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि बजावलं, "मला काय सांगायचं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. मला 'काही नाही' म्हणायचं नाही. कबूल?"

कानसेनांनी कबूल केलं, आणि माणूस शब्दाचा पक्का. डबा आला तसे ते कन्येकडून सबटायटल्स करायला शिकले. रोज दुपारी हेडफोन चढवायचे आणि सिनेमातलं एकेक वाक्य ऐकून टाईप करायचे. नुसतं बोलणं नाही, बाकीचंही. 'दार करकरतं, आपल्या बाथरूमच्यासारखं.' 'बाहेर कुत्रं. तेच आपलं नेहमीचं रडकं.' बायको वाचायची आणि खुदकन हसायची. त्या हसण्यासाठी कानसेनांनी सिनेमेच्या सिनेमे उपसले.

आणि मग त्यांचेच कान फितूर झाले. आधी बायकांचे बारीक आवाज विरले. मग शब्दांच्या कडा गेल्या, नुसता गलबला राहिला. हेडफोनचा आवाज वाढवत वाढवत शेवटाला टेकला. समोर बसून कोणी बोललं तर लागायचं, एवढंच. आता ज्या माणसाचं नावच कानसेन, त्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी मूठ झाकली, आणि जे ऐकू येईना ते मनानं लिहायला सुरुवात केली. गेलं वर्षभर हा उद्योग चालला होता.

त्यातून तो माळी जन्माला आला. एक जुनी मालिका होती, लॉज चालवणाऱ्या दोघी बहिणींची. त्यात एक म्हातारा माळी दर भागात एकदा यायचा, कॅमेऱ्याकडे पाठ करून खुरपं चालवायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. कानसेनांना त्यातलं अक्षर लागेना, म्हणून त्यांनी त्याच्या तोंडी एक कावळा घातला. 'या कावळ्याचं माझ्या गुलाबांनी काय घोडं मारलंय कोण जाणे.' बायकोला माळी फार आवडला. पुढच्या भागात तिनं विचारलं, 'माळी काय म्हणतोय बघू.' झालं! मग कावळ्याचं आणि माळ्याचं वैर भागागणिक वाढतच गेलं.

बायकोला ओठ वाचता येतात हे कानसेनांना माहीत नव्हतं असं नाही. पण टीव्ही बघताना तिची नजर खालच्या ओळींवरच असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

अशात एक दिवस टीव्हीवर चौकट आली: सर्व्हरचं नवीन व्हर्जन उपलब्ध आहे. खाली 'नवीन काय' म्हणून लिहिलं होतं. कानसेनांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. नवा सर्व्हर म्हणे सिनेमातलं बोलणं स्वतः ऐकणार आणि त्याची सबटायटल्स स्वतःच लिहिणार. शब्दन् शब्द. म्हणजे सगळं सोंग एका दुपारीत उघडं. त्यांनी 'नंतर'चं बटण दाबलं. पुढच्या आठवड्यात चौकट पुन्हा आली, पुन्हा 'नंतर'. असे महिने गेले. शेवटी टीव्हीच अडून बसला, म्हणाला, इतक्या जुन्या सर्व्हरशी माझं जमणार नाही. बायकोनं सरळ कन्येला निरोप धाडला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कन्या पिशवीत लॅपटॉप घेऊन दारात हजर.

तिनं कपाट उघडलं आणि कानावर हात ठेवले. "अगं बाई! बाबा, पंखा केवढा खरखरतोय याचा! पार जिन्यात ऐकू येत होता. आणि तुम्ही हे चालवून घेतलंत? तुम्ही?"

कानसेनांना पंख्याचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. "जुनं झालंय ते," ते म्हणाले. कन्येनं त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, मग लॅपटॉप उघडला.

"आधी बॅकअप," ती म्हणाली. "घर बदलायच्या आधी सामान बांधायचं." तिनं कानसेनांची सगळी सबटायटल्स वेगळी उतरवून घेतली, जुना सर्व्हर थांबवला आणि नवं व्हर्जन चढवायला लावलं. हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकायला लागली. कानसेन स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले.

"ते आपोआप ऐकून लिहिणारं," त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते बंद ठेवता येतं का गं?"

"येतं की. पण का? तुमचेच कष्ट वाचतील."

"मशीनला काय कळतंय?"

"बघू तरी. तुमचंही राहील, मशीनचंही राहील. रिमोटवरून हवं ते निवडायचं. फक्त आधी कुठलं दिसू दे, ते सांगा."

"माझं," कानसेन घाईनं म्हणाले.

"नवं लाव!" बाजूनं मैदानी आवाज आला. कन्या दचकली, आणि तिचं बघून कानसेनही. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिनं दोघांचे ओठ वाचले होते. कन्येनं आईचं ऐकलं. त्या घरात शेवटी सगळे तिचंच ऐकायचे.

पट्टी भरली, डबा बंद होऊन चालू झाला, आणि टीव्हीवर पाहतात तो काय, सगळं रिकामं. एक सिनेमा नाही, एक मालिका नाही. कानसेनांना क्षणभर इतकं हलकं वाटलं, की त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. बायकोची सगळी करमणूक त्या डब्यात होती आणि ती गेली म्हणून आपल्याला बरं वाटतंय! आपल्याला माणूस म्हणायचं का काय?

"घाबरू नका," कन्या म्हणाली. "नव्याला जुनं कपाट कुठंय तेच माहीत नाही. दाखवते." तिनं सिनेमे ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता पुन्हा घातला, आणि चित्रं एकेक करून परत आली.

"तो भाग लाव," बायको म्हणाली, "दोघी पडद्यांच्या रंगावरून भांडतात तो."

चोराच्या मनात चांदणं. इतक्या भागांतून हिला हाच कसा आठवला? ते भांडण कानसेनांनीच लावलेलं होतं. दोघी बहिणी खिडकीपाशी उभ्या होत्या, धाकटी तोंड फिरवून होती, अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मागं पडदे दिसत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'हे पिवळे पडदे मला पसंत नाहीत.'

प्रसंग आला. थोरलीनं बहिणीकडे पाहिलं आणि खाली नव्या सर्व्हरची ओळ उमटली: 'आई गेली तेव्हा तू आली नाहीस.'

कानसेनांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं वाचलं, मान डोलावली, पुढं बघत राहिली. एकेक खरं वाक्य येत गेलं. कुठं पडदे नाहीत, कुठं काही नाही. मग बाग आली. माळी पाठ करून बसला होता, खुरपं चालवत होता, पुटपुटत होता. खाली ओळ आली: '(अस्पष्ट)'.

बायकोनं रिमोटनं चित्र थांबवलं आणि नवऱ्याकडे वळली. "माळी काय म्हणाला हो?"

वाक्य कानसेनांच्या जिभेवर तयार होतं. मशीनलाही ऐकू आलेलं नव्हतं, म्हणजे पकडणारं कोणी नव्हतं. ते खाली बघून काहीतरी बोलले.

"वर बघून बोला. मला दिसत नाही."

त्यांनी मान वर केली. "मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं, मला नीट ऐकू येत नाही. मी मनानं लिहीत होतो."

पंखा काढायला कपाटाशी बसलेल्या कन्येचा स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"माहीत आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे?"

"अहो, 'पडदे' म्हणताना ओठ मिटतात. थोरलीचे एकदाही मिटले नाहीत. आणि तुम्हाला स्वयंपाकघरातून किती हाका मारल्या मी! खालचे लोक दूध बघून यायचे, तुम्ही नाही."

तेव्हा कुठं कानसेनांच्या डोक्यात उजेड पडला. हल्ली ही हाक मारत नव्हती. उठून यायची, खांद्याला हात लावायची, समोर उभी राहायची आणि मग बोलायची. त्यांना वाटलं होतं, म्हातारपणी माया वाढलीय. ते स्वतः तिच्याशी दहा वर्षं असंच वागत आले होते, आणि तरी त्यांनी ओळखलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." आता तिच्या आवाजात राग होता, आणि तो खालच्या मजल्यावर नक्की पोचला असणार. "वर्षभर विचारतेय, तुम्ही असे गप्प गप्प का, काय झालं? आणि तुम्ही काय म्हणता? 'काही नाही.' मला! काही नाही!"

कानसेनांना रडू आलं. लपवायला हात वर केला, पण मग लपवलं नाही.

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले.

"कसली? हसतील म्हणून?"

"नाही गं. मलाही ऐकू येत नाही म्हटल्यावर तुला कोण सांगणार?"

बायकोनं पदर नाकाला लावला, मग नवऱ्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर दोन चापट्या मारल्या, त्याही जोरातच.

"तो डबा सांगेल," ती म्हणाली. "दोघांना. आणि या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ए, ऐकलंस ना गं? वेळ घेऊन ठेव."

"ऐकलं," कन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. खरखरणारा पंखा काढून तिनं हातात धरला होता आणि उगाचच फुंकर मारून पुसत होती.

"आणि माळ्याचं तुम्हीच लिहायचं," बायको पुढं म्हणाली. "याला काय येतंय त्यातलं? अस्पष्ट म्हणे!"

चित्र पुन्हा चालू झालं. दोघंही खालच्या ओळी वाचत बसली. वर्षभरात पहिल्यांदा कानसेनांना त्या बहिणींचं नेमकं काय बिनसलंय ते कळत होतं आणि ते त्यात चांगलेच गुंतले. भाग संपता संपता माळी पुन्हा आला, पाठ करून, पुटपुटत.

बायकोनं नवऱ्याच्या खांद्याला हात लावला, ते वळेपर्यंत थांबली आणि विचारलं, "आता काय म्हणाला?"

"म्हणाला," कानसेन तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलले, "कावळ्याशी मिटलं एकदाचं. उगाच इतके दिवस ताणून धरलं."

ती हसली, अगदी मैदानावरच्यासारखी. ते कानसेनांना ऐकू आलं.