मेस्त्रे इझिदोरोंचं बेरिंबाव

“ते खाली ठेव, दिओलिंदा,” अंगणाच्या फाटकातूनच क्लारिंदोदादा म्हणाला. “मेस्त्रेचं बेरिंबाव मेस्त्रेच्याच हातात शोभतं.”

रविवारची सकाळ होती. पंधरावीस पोरं आणि बाबांचे सात-आठ जुने चेले रिंगण करून बसले होते. मी बाबांच्या जागेवर, बाकाच्या टोकाला. एकतारी बेरिंबावचा भोपळा पोटाशी धरलेला, वाकलेली काठी डाव्या हातात. तारेवर छडी टेकवणार, तेवढ्यात हा आला.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. मारागोजिपेच्या धक्क्यावर त्यांनी चाळीस वर्षं पोती वाहिली, पण गावाला ते ठाऊक होते कापोएराचे, म्हणजे बेरिंबावच्या तालावर खेळायच्या झुंजीचे, मेस्त्रे इझिदोरो म्हणून. आमच्याकडे मेस्त्रे, म्हणजे गुरू, आपण होऊन होता येत नाही. ज्यानं शिकवलं त्यानं भर रिंगणात, सगळ्यांसमोर, तसं म्हणावं लागतं. माझ्यासाठी ते म्हणायचं राहूनच गेलं. तीस वर्षं मी शाळेत पोरांसाठी भात आणि घेवडा शिजवला, आणि संध्याकाळी त्याच पोरांना या अंगणात शिकवलं. बाबा म्हणायचे, “घाई कसली? जमीन कुठे पळून चाललीय?” आणि एका मंगळवारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

क्लारिंदोदादा त्यांचा सगळ्यात जुना चेला. त्र्याहत्तर वर्षांचा. साल्वादोरला त्याचा स्वतःचा आखाडा आहे, तिथे त्याला मेस्त्रे म्हणतात. बेरिंबाव त्याच्याबरोबर गेलं की रविवारचं रिंगणही तिकडेच भरणार, हे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. आमची पोरं काही दर रविवारी तीन तास बसमधून जाणार नव्हती.

“न्यायचं तर न्या, दादा,” मी म्हटलं. “पण आधी एक डाव होऊन जाऊ दे.”

“माझ्या गुडघ्यांची मजा बघायचीय होय गं?”

“माझे तरी कुठे कोरे आहेत? एकसष्टी झाली की!”

पोरं खिदळली. दादालाही हसू आलं. टोपी काढून त्यानं ती फाटकाला अडकवली.

बेरिंबाव मी शेजारच्या चेल्याकडे दिलं. आम्ही दोघं त्याच्या पायाशी उकिडवे बसलो, जमिनीला हात लावला आणि खेळात उतरलो. सावकाश, जमिनीलगत. दादाचं अंग अजून लवत होतं. मध्येच तो थांबला, ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्यानं तळवे माझ्याकडे केले.

हे बोलावणं. बोलावलं की जावंच लागतं, आणि जवळ गेलं की बोलावणारा मारू शकतो. पोरांना मी हे शंभरदा सांगितलंय: जायचं, पण डोळे उघडे ठेवून. मी रिंगणाला एक फेरी घातली, खालून सरकत गेले, उठून त्याच्या तळव्यांना तळवे लावले. दोन पावलं पुढे, दोन मागे. त्यानं गुडघा उचलला, पण माझं कोपर आधीच तिथे होतं. त्याची छाती उघडी पडली. माझं डोकं त्याच्या बरगड्यांपासून चार बोटांवर जाऊन थांबलं. तिथंच राहिलं. बाबांची रीत तीच होती. दाखवायचं, मारायचं नाही.

दादानं हात खाली घेतले.

डाव संपल्यावर तो घरामागे नळावर मान धूत होता. मी टॉवेल घेऊन गेले.

“त्यांनी मला सांगितलं होतं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“काय?”

“सांता बार्बराच्या सणाला तुला मेस्त्रे म्हणणार म्हणून. मला एकट्यालाच. म्हणाले, साक्षीला तू पुढे बस. पण सणाआधीच गेले.”

टॉवेल माझ्या हातातच राहिला.

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“मला मेस्त्रे म्हटलं का गं त्यांनी कधी? पन्नास वर्षं वाट बघितली मी. शेवटी साल्वादोरला जाऊन माझं मीच म्हणवून घेतलं. तिथे कोण विचारतंय? पण या अंगणात आलो की मान वर होत नाही.”

मी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. म्हटलं, “मग आता चला आत. सगळ्यांसमोर सांगा.”

“आता सांगितलं तर म्हणतील, म्हातारा हरला म्हणून देतोय. तुझंच मोल जाईल.”

त्याचं खरं होतं की ती पळवाट होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. टोपी घेऊन तो बसथांब्याकडे निघून गेला. बेरिंबाव त्यानं मागितलं नाही.

मी रिंगणात परत आले. नऊ वर्षांची तायनारा टुणकन उठली. “मावशी, आता तुम्हाला मेस्त्रे म्हणायचं ना?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नळावरचं बोलणं सांगून टाकलं असतं तर कोणी नाही म्हटलं नसतं.

“नाही गं. ते म्हणणारा माणूस गेला. तू आपली मावशीच म्हण. आणि तो डावा पाय नीट टेक आधी, बदकासारखी काय उभी राहतेस!”

दुपारपर्यंत खेळलो. सगळे गेल्यावर मी उंबऱ्यावर बसले. खेळ संपला की तार उतरवून ठेवायची असते, नाहीतर ताणानं काठी मोडते. बाबा हे काम कोणाला करू देत नसत. काठी गुडघ्यावर दाबून मी तार सोडली, भोपळा काढून बाजूला ठेवला. काठी पुरती सरळ झाली नाही. इतक्या वर्षांचा बाक तिच्यात तसाच होता. मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि अंगण झाडायला घेतलं.